ब्रेक कॅलिपर बदलायचाय: चार पिस्टन की सहा?

उशिरा_ब्रेक

मंडळी, सल्ला हवा आहे. गाडीचं नाव मुद्दाम देत नाही. दिलं की चर्चा ब्रँडवर घसरते आणि ब्रेक राहतात बाजूला. टर्बो हॅचबॅक आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह, माझ्यासकट १४५० किलो. पुढे ३१२ मिमीची व्हेंटिलेटेड डिस्क आणि ५७ मिमीच्या एकाच पिस्टनचा फ्लोटिंग (पिनांवर सरकणारा) कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. चाकं १७ इंची. गाडी सेकंडहँड घेतलेली.

रस्त्यावर कसलीही तक्रार नाही. सर्किटवर मात्र काही लॅप झाल्या की पेडल खाली खाली जायला लागतं. मुख्य स्ट्रेटच्या शेवटी २०० वरून ८० वर यायचं असतं, तिथे पोटात गोळा येतो.

दोन पर्याय समोर आहेत.

अ) माझ्याच मॉडेलसाठी बनवलेलं किट: चार पिस्टनचा फिक्स्ड, म्हणजे न सरकणारा कॅलिपर (३८ आणि ४२ मिमी), ३३० ची टू-पीस (मधला भाग वेगळा असलेली) डिस्क.

ब) एका जड एसयूव्हीवरून उतरवलेला सहा पिस्टनचा कॅलिपर (३२, ३६, ४० मिमी), ३५५ ची डिस्क आणि लेथवर करून घेतलेला अडॅप्टर ब्रॅकेट. हा बराच स्वस्त पडतोय.

काय घेऊ?

लालकॅलिपर

ब. डोळे झाकून ब. सहा म्हणजे सहा. शिवाय स्पोकमधून काय दिसतात राव!

टॉर्करेंच

@उशिरा_ब्रेक, घेण्याआधी एक सांगा. पेडल खाली जातं म्हणजे नेमकं काय होतं? पाय मऊ मऊ जातो, दोनदा पंप केलं की पुन्हा वर येतं, असं? की पेडल दगडासारखं घट्ट असतं, तुम्ही जोर लावताय आणि गाडी मात्र थांबायचं नाव घेत नाही? ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत आणि दोन्हींवरचा इलाज कॅलिपर नाही.

उशिरा_ब्रेक

पहिलं. मऊ होतं, पंप केलं की येतं. वासही येतो, पण तो सगळ्यांच्याच गाड्यांना येत असतो. ब्रेक ऑइल आधीच्या मालकाने कधी बदललं होतं ते ठाऊक नाही. पॅड कंपनीचेच.

टॉर्करेंच

मग तुमचं ऑइल उकळतंय. उकळलं की कॅलिपरमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडलचा सगळा प्रवास बुडबुडे दाबण्यात जातो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी शिरलं की उकळणबिंदू धाडकन खाली येतो. डॉट या ब्रेक ऑइलच्या मानकात किमान आकडे असे आहेत: डॉट ३ कोरडं २०५ अंश, ओलं १४०. डॉट ४ कोरडं २३०, ओलं १५५. डॉट ५.१ कोरडं २६०, ओलं १८०. ओलं म्हणजे ३.७ टक्के पाणी शिरलेलं. जुनं डॉट ४ घेऊन तुम्ही सर्किटवर जाताय म्हणजे १५५ च्या आसपास खेळताय, आणि तापलेल्या कॅलिपरला १५५ गाठायला वेळ लागत नाही.

रेसिंगचं ऑइल घ्या. मोतुल आरबीएफ ६०० कोरडं ३१२ अंशाला उकळतं, कॅस्ट्रॉल एसआरएफ ३२० ला. एसआरएफ महाग, पण ओल्या अवस्थेतही २७० देतं, ती त्याची खरी किंमत. डॉट ५ नावाचं सिलिकॉन ऑइल मात्र आणू नका. ते बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत त्याचं काम नाही.

दुसरं दुखणं, म्हणजे घट्ट पेडल आणि ब्रेक गायब, हा पॅडचा फेड. पॅडचं मटेरियल त्याच्या तापमानाच्या पट्ट्याबाहेर गेलं की घर्षण पडतं. कंपनीचे पॅड थंडीत पहिल्या दाबाला पकडावेत, आवाज करू नयेत, चाकं काळी करू नयेत यासाठी बनवलेले असतात. सर्किट त्यांच्या अभ्यासक्रमात नाही.

आधी ऑइल आणि पॅड. कॅलिपरची गोष्ट नंतर.

डावा_पाय

+१. आणि कुणीतरी हे सांगायलाच हवं: मोठ्या कॅलिपरने गाडी कमी अंतरात थांबत नाही. थांबवतात टायर. आत्ता १०० वर जोरात पेडल मारलं तर एबीएस लागतं ना? मग तुमचे ब्रेक टायरच्या पकडीपेक्षा आधीच ताकदवान आहेत. चांगल्या टायरवर १ जीने (गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने) ब्रेकिंग धरलं तर १०० वरून शून्यावर यायला साधारण ३९ मीटर. एका पिस्टनने ३९, सहा पिस्टननेही ३९.

लालकॅलिपर

मग कंपन्या वेड्या आहेत का? मित्सुबिशीने १९९८ च्या लॅन्सर इव्हो ५ पासून ब्रेम्बो कंपनीचे कॅलिपर बसवले ते काय फोटोसाठी?

डावा_पाय

एकदा थांबायला नाही, पुन्हा पुन्हा थांबायला. डिस्क ब्रेक मुळात गाजले तेच यासाठी. जॅग्वार सी-टाइपने १९५३ मध्ये डनलॉपच्या डिस्क घेऊन ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. तेव्हाचे ड्रमही गाडी थांबवत होतेच, पण शर्यत लांबली की थकायचे.

कागदपेन

डावा_पाय यांच्याशी सहमत. आकडे मांडतो, कारण या विषयावर मतं भरपूर आणि गुणाकार कमी असा प्रकार असतो.

आधी उष्णता. १४५० किलोची गाडी २०० वरून ८० वर आणताना जी गतिज ऊर्जा काढून टाकावी लागते ती साधारण १.८८ मेगाज्यूल. हवेचा अवरोध सोडून देतो, अंदाजच करायचाय. त्यातला ७५ टक्के वाटा पुढच्या ब्रेकचा धरला तर प्रत्येक पुढच्या डिस्कच्या वाट्याला ०.७ मेगाज्यूल येते. बिडाच्या एक किलोला एक अंश तापवायला ४६० ज्यूल लागतात. तुमच्या डिस्कचा घासला जाणारा भाग ७ किलोचा असेल तर या एका ब्रेकिंगमध्ये तिचं तापमान सुमारे २२० अंशांनी चढतं. तोच भाग ९ किलोचा असेल तर १७० ने.

एकदाच ब्रेक मारायचा तर दोन्ही चालतील. पण पुढच्या वळणापर्यंत डिस्क पूर्ण निवत नाही. उरलेल्या उष्णतेवर पुढचे २२० चढतात, त्यावर आणखी. काही लॅपनंतर ती कुठल्या पातळीवर स्थिरावते, यावर पॅड आणि ऑइलचं भवितव्य ठरतं. म्हणजे मोठ्या किटमध्ये तुम्ही मुख्यतः बीड आणि हवा विकत घेता. पिस्टनचा आकडा त्याच्यासोबत येतो.

आता पिस्टन. पकडीचा जोर म्हणजे ऑइलचा दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. फिक्स्ड कॅलिपरमध्ये क्षेत्रफळ एकाच बाजूचं धरायचं.

आत्ताचा: ५७ मिमीचा एक, २५५२ चौरस मिमी.
अ: ३८ + ४२, २५१९ चौरस मिमी.
ब: ३२ + ३६ + ४०, ३०७९ चौरस मिमी.

पाहा, चार पिस्टनचा कॅलिपर तुमच्या एका पिस्टनपेक्षा किंचित कमीच जोर लावतो. किट बनवणाऱ्याने गणित करून पिस्टन निवडलेत याची ही खूण.

त्यात त्रिज्या मिळवा. टॉर्क मोजताना डिस्कची पूर्ण त्रिज्या नाही, पॅडचा मध्य जिथे बसतो ती त्रिज्या घ्यायची. आत्ता अंदाजे १३१ मिमी, अ मध्ये १४०, ब मध्ये १५०.

एकूण टॉर्क त्याच दाबाला: अ मध्ये साडेपाच टक्के जास्त, ब मध्ये सुमारे ३८ टक्के जास्त. अर्थात पॅड तेच धरून.

लालकॅलिपर आता म्हणतील ३८ टक्के म्हणजे भारीच की! नाही. मागचे ब्रेक तेच आहेत. पुढची चाकं आता कमी दाबाला लॉकच्या काठावर येतील, पुढे एबीएस लवकर जागं होईल, आणि त्या क्षणी मागच्या ब्रेकला पोचलेला दाब आधीपेक्षा बराच कमी असेल. मागचे टायर करू शकत होते ते काम ते करणारच नाहीत. एबीएसच्या काठावर पेडल धरून चालवणाऱ्याचं अंतर यात वाढू शकतं. कमी होणं दूरच.

वाचनमात्र

खूप दिवस नुसता वाचतोय, एक भाबडी शंका. फिक्स्ड कॅलिपरमध्ये दोन्ही बाजूंना पिस्टन असतात, मग जोर दुप्पट का धरायचा नाही? एकाच बाजूचं क्षेत्रफळ घेणं फसवं वाटतं.

कागदपेन

भाबडी अजिबात नाही, इथेच निम्मे लोक चुकतात.

फ्लोटिंग कॅलिपरमध्ये आतला पिस्टन आतलं पॅड डिस्कवर दाबतो. त्याच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर पिनांवर सरकतो आणि बाहेरचं पॅड तितक्याच जोराने ओढून घेतो. म्हणजे एक पिस्टन दोन्ही पॅडना प्रत्येकी पूर्ण जोर देतो. फिक्स्डमध्ये दोन्हीकडे स्वतंत्र पिस्टन, पण प्रत्येक बाजू आपापल्या पॅडपुरती. दोन्ही प्रकारांत डिस्कला दोन पॅड आणि प्रत्येक पॅडवर दाब गुणिले एका बाजूचं क्षेत्रफळ. सारखंच.

ऑइलचंही तसंच. फ्लोटिंगचा पिस्टन दोन्ही पॅडमधली फट एकटा भरतो म्हणून दुप्पट सरकतो. फिक्स्डचे दुप्पट पिस्टन निम्मे सरकतात. त्यामुळे ऑइल किती जास्त लागेल हेही एका बाजूच्या क्षेत्रफळावरूनच कळतं. ब साठी सुमारे २० टक्के जास्त. तुमचा मास्टर सिलिंडर (पेडलमागचा, ऑइलला दाब देणारा) तोच, म्हणजे पेडल तितकं आणखी खाली जाणार. कागदपत्रात सहा पिस्टन आणि पायाखाली स्पंज, अशा गाड्या पाहिल्या आहेत.

लालकॅलिपर

मास्टर सिलिंडर मोठा टाकायचा मग.

टॉर्करेंच

टाका. पेडल घट्ट होईल, पण तोच पाय पुढे-मागे दोन्हीकडे कमी दाब देईल, म्हणजे तोल पुढेच राहील. मग मागचा कॅलिपर बदला. त्यात हँडब्रेक अडकलाय, बहुतेक नव्या गाड्यांत तर मागच्या कॅलिपरवर मोटरच बसवलेली असते. मग हँडब्रेकसाठी वेगळा छोटा कॅलिपर. मग एबीएस कॉम्प्युटर, जो मूळ कॅलिपर किती ऑइल घेतो हे गृहीत धरून दाब सोडतो आणि भरतो. शेपूट संपत नाही. सुरुवातीलाच योग्य क्षेत्रफळाचा कॅलिपर घेतला की यातलं काहीच करावं लागत नाही.

लालकॅलिपर

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

शेवटचं_वळण

धागा छान चाललाय. कागदपेन यांनी गणित मांडलं, मी कॅलिपर हातात घेतल्यावर काय बघतो ते लिहितो. लांबेल, चालवून घ्या.

पिस्टनच्या संख्येचं एक प्रयोजन आहे: लांब पॅडवर दाब सगळीकडे सारखा पसरवणं. पॅड लांब असेल तर एकाच मोठ्या पिस्टनने मधला भाग जास्त दाबला जातो. म्हणून मोठ्या पॅडला चार किंवा सहा. फॉर्म्युला वनच्या नियमांतही एका चाकाच्या पिस्टनच्या संख्येला मर्यादा असते. तेव्हा दहा पिस्टनची जाहिरात दिसली तर एवढं आठवा.

अ मध्ये ३८ आणि ४२ असे वेगवेगळे पिस्टन का? डिस्क पॅडखाली ज्या टोकाने शिरते तिथे पॅड जास्त झिजतं, तिरकं होतं. म्हणून त्या टोकाला लहान पिस्टन, बाहेर पडण्याच्या टोकाला मोठा. म्हणूनच असा कॅलिपर डाव्या आणि उजव्या चाकाला वेगळा असतो.

अंग कसं आहे ते बघा. एकाच ठोकळ्यातून काढलेला तो मोनोब्लॉक, दोन अर्ध बोल्टने जोडलेले तो टू-पीस. मोनोब्लॉक साधारणपणे त्याच वजनाला जास्त ताठ असतो. कॅलिपर दाबाखाली उघडतो, फाकतो, तेवढा पेडलचा प्रवास वाया जातो. पण नीट डिझाइन केलेला टू-पीस बेतास बात मोनोब्लॉकला हरवतो. मधला पूल किती जाड आहे, बोल्ट किती जाड आहेत हे नुसत्या डोळ्यांनीही कळतं. शब्दावर पैसे देऊ नका.

डस्ट बूट. हे महत्त्वाचं आणि कुणी विचारत नाही. शुद्ध रेसिंग कॅलिपरला पिस्टनभोवती रबरी बूट नसतात, कारण त्या उष्णतेत ते जळतात आणि रेस टीम कॅलिपर वरचेवर उघडते. तोच कॅलिपर रोज पावसात, धुळीत चालवला तर पिस्टनवर मळ बसतो, तो सीलवर घासतो, मग गळती नाहीतर अडकणं. गाडी रोज चालवणार असाल तर बूट असलेलाच घ्या.

सील किट सुटं मिळतं का? पिस्टनभोवतीची चौकोनी छेदाची रबरी सील दाब सुटल्यावर पिस्टनला केसभर मागे ओढते, तिच्यामुळेच पॅड डिस्कपासून सुटतात. उष्णतेने ती कडक झाली की ब्रेक घासत राहतो. सील मिळत नसेल तर कॅलिपर कितीही देखणा असो, तो वापरा आणि फेका आहे.

पॅडचा आकार. कॅलिपर एकदा घेता, पॅड आयुष्यभर. ज्या आकाराचे पॅड एकच कंपनी बनवते त्या कॅलिपरच्या वाटेला जाऊ नका. मोटरस्पोर्टमध्ये रुळलेला आकार असेल तर दहा कंपाउंडमधून (पॅडच्या मटेरियलच्या प्रकारांतून) निवडता येतं. पॅडची जाडीही बघा. जाड पॅड जास्त टिकतं आणि उष्णता पिस्टनपर्यंत पोचायला वेळ लावतं.

आणि चाक! किट बनवणारे चाकात बसतं का हे बघायला कागदी साचा देतात. तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून चाकाच्या आत फिरवून बघायचा. बहुतेकांचं लक्ष बाहेरच्या घेराकडे असतं, अडतं मात्र स्पोकच्या मागे. फिक्स्ड कॅलिपर बाहेरच्या बाजूला जाड असतो, कारण तिथेही पिस्टन आहेत. पर्याय ब मध्ये ३५५ ची डिस्क तुमच्या १७ इंची चाकात मावणारच नाही. म्हणजे चाकं आली, टायर आले. स्वस्ताई तिथेच संपली.

डावा_पाय

यात मला एकच भर घालायचीय. अडॅप्टर ब्रॅकेट. त्या धातूच्या तुकड्यावर आख्ख्या पुढच्या ब्रेकचा टॉर्क येतो. तो कुठल्या मिश्रधातूचा, कुठे कोपरे टोकदार सोडलेत, बोल्ट ॲल्युमिनियममध्ये किती आटे जातो, हे लेथवाल्याला विचारलंत तर तो तुमच्याकडेच बघेल. माझ्यालेखी ब इथेच बाद.

कागदपेन

नकली मालाबद्दलही बोलायला हवं. प्रसिद्ध नावांचे बनावट कॅलिपर सर्रास मिळतात, बाहेरून हुबेहूब. किंमत अविश्वसनीय असेल तर अविश्वासच ठेवा. नामांकित उत्पादक अस्सलपणा तपासायला कोड देतात, तो तपासूनच घ्या.

अवांतर: ब्रेम्बो भारी की एपी रेसिंग यावर हमरीतुमरी होते तेव्हा मला गंमत वाटते. २००० पासून एपी रेसिंग ब्रेम्बोच्याच घरात आहे.

वाचनमात्र

अजून एक मार्ग असतो ना? त्याच गाडीच्या वरच्या मॉडेलचे ब्रेक? सातव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयला ३१२ ची डिस्क आणि परफॉर्मन्स पॅकला ३४०, असं ऐकलंय.

शेवटचं_वळण

बरोबर ऐकलंय, आणि कित्येकांसाठी तोच सर्वोत्तम मार्ग असतो. कॅलिपर फ्लोटिंगच राहतो, दिसायला साधा. पण पिस्टन, मास्टर सिलिंडर, एबीएस यांचं जमवून घ्यायचं काम कारखान्यात झालेलं असतं आणि सुटे भाग कुठेही मिळतात. मागचे ब्रेक वरच्या मॉडेलचे वेगळे असतील तर तेही घ्यावेत. नुसते पुढचे आणले की अर्धवट.

@उशिरा_ब्रेक, तुमच्या गाडीला असं काही आहे का?

उशिरा_ब्रेक

नाही हो. माझंच सर्वांत वरचं मॉडेल.

इतके सविस्तर प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. ब बाद. आधी ऑइल आणि पॅड बदलून एक ट्रॅक डे, म्हणजे सर्किटवर एक दिवस, करतो. डिस्क किती तापते ते मोजायचा सोपा उपाय आहे का?

टॉर्करेंच

थर्मल पेंट. तीन रंगांचा संच मिळतो: हिरवा ४३० अंशाला पालटतो, नारंगी ५६० ला, लाल ६१० ला. डिस्कच्या बाहेरच्या कडेला तीन ठिपके लावा. पिटमध्ये लेझरचं थर्मामीटर रोखलं तर तोवर डिस्क बरीच निवलेली असते, पेंटवर कमाल तापमानाची नोंद राहते. कॅलिपरच्या अंगावर चिकटवायच्या तापमानपट्ट्याही मिळतात, त्या ऑइलचा अंदाज देतात.

उशिरा_ब्रेक

करून आलो. ऑइल रेसिंगचं, पॅड ट्रॅकसाठीचे, डिस्क तीच.

पेडल दिवसभर जागेवर राहिलं. टॉर्करेंच, साष्टांग.

पण हिरवा आणि नारंगी दोन्ही पालटलेत, लाल तसाच आहे. म्हणजे डिस्क ५६० च्या वर जातेय. घासणीच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेषा उमटल्यात. पॅड एका दिवसात निम्म्याहून जास्त गेले आणि तिरके झिजलेत, एक टोक जाड, एक बारीक.

टॉर्करेंच

तिरके म्हणताय, तर स्लाइड पिना बघा. ग्रीस वाळून पिन जाम झाली की फ्लोटिंग कॅलिपर वाकडा सरकतो आणि पॅड असेच जातात. आतलं आणि बाहेरचं पॅड यांच्या झिजेत फार फरक आहे का तेही बघा.

उशिरा_ब्रेक

पिना काढल्या. बोटाने सरकतात. आतलं-बाहेरचं जवळजवळ सारखं.

टॉर्करेंच

मग कॅलिपरने आपली हद्द दाखवली. डिस्कला उष्णता पेलवत नाहीये, छोट्या पॅडला काम पेलवत नाहीये, आणि एका पिस्टनखाली पॅड तिरकं होतंय. आता अ घेण्याला कारण आहे. या रेषा सुरुवातीच्या असतील तर चालतं, पण नखाला लागायला लागल्या किंवा डिस्कच्या कडेपर्यंत पोचल्या तर डिस्क त्याच दिवशी काढायची.

डावा_पाय

मी अजूनही म्हणेन आधी डक्ट करा. बंपरमधून नळी काढून हवा थेट डिस्कच्या मध्यभागी सोडायची. व्हेंटिलेटेड डिस्क मधून हवा ओढते आणि परिघाकडून फेकते, त्यामुळे हवा मध्याला मिळाली तरच उपयोग, कॅलिपरवर फुंकून फारसं काही होत नाही. याला कॅलिपरच्या तुलनेत खर्च नगण्य.

शेवटचं_वळण

डक्टने तापमान उतरेल, पॅडचा आकार नाही वाढणार. दोन्ही करावं.

उशिरा_ब्रेक

डक्ट करतोच आहे, आणि अ ची ऑर्डरही दिली. स्लॉटेड डिस्क सांगितलीय. होल पाडलेली दिसायला आवडत होती, पण सर्किटवर भोकांभोवतीच तडे सुरू होतात हे बऱ्याच ठिकाणी वाचलं. बसवताना काय सांभाळू?

टॉर्करेंच

ब्लीड निपल (ऑइलमधली हवा काढायचं तोंड) वर. खाली आलं तर डावा-उजवा उलटा बसलाय. हवा वर अडकते आणि तुम्ही बाटल्या रिकाम्या करत बसता. आतल्या आणि बाहेरच्या अर्धाला वेगळी निपलं असतात, दोन्ही ब्लीड करायची.

डिस्कच्या आतली पाती वाकडी असतील तर डिस्कही डावी-उजवी असते. पात्यांची बाहेरची टोकं फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेली हवीत. स्लॉटची दिशा बघून बसवू नका, ती कधीकधी पात्यांच्या उलट असते आणि तिथेच लोक फसतात.

हबचा पृष्ठभाग गंज काढून चकचकीत करा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला की डिस्क डगमगते. टॉर्कचे आकडे किटच्या कागदावरचे, माझे किंवा कुणाचेही अंदाज नाहीत.

कागदपेन

आणि नवे पॅड डिस्कवर रुळवून घ्यायला विसरू नका. १०० वरून २० पर्यंत मध्यम जोराने, लागोपाठ काही वेळा, मध्ये पूर्ण न थांबता. मग ब्रेक न लावता फिरवून निवू द्यायचं. तापलेल्या पॅडने उभ्या डिस्कवर पेडल दाबून धरलं की त्या जागी पॅडचा थर चिकटतो, पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते.

शेवटचं_वळण

एक राहिलं. फिक्स्ड कॅलिपरवर आल्यावर जोरदार वळणानंतर पहिल्या ब्रेकला पेडल लांब गेलं आणि दुसऱ्यांदा नीट आलं, तर घाबरू नका आणि ऑइललाही दोष देऊ नका. व्हील बेअरिंगला ढिलाई असेल तर वळणात डिस्क तिरकी होऊन पिस्टन आत ढकलते. फ्लोटिंग कॅलिपर तिच्याबरोबर सरकतो, फिक्स्ड सरकत नाही. नवं बेअरिंग हा पहिला उपाय. काही कॅलिपरमध्ये यासाठी पिस्टनमागे छोट्या स्प्रिंगा मिळतात, पण त्यांनी ब्रेक किंचित घासत राहतो.

लालकॅलिपर

रंग कोणता सांगितला?

उशिरा_ब्रेक

काळा. 😄

एक शेवटचं: मागचे पॅड कंपनीचेच ठेवू की पुढच्यासारखे ट्रॅकचे?

कागदपेन

कंपनीचे ठेवू नका. पुढे घर्षण वाढलं आणि मागे तेच राहिलं तर पिस्टनच्या गणिताने सांभाळलेला तोल पॅडमुळे जाईल. त्याच कंपनीचा, पुढच्यापेक्षा एक पायरी सौम्य पॅड मागे घाला. मागच्या डिस्क तेवढ्या तापत नाहीत, अति गरम पट्ट्याचं कंपाउंड तिथे थंडच राहील. आणि किट आलं की आधी चाकाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनं बघा. साचा फिरवताना ती कुणी धरत नाही आणि चाक पहिल्या फेरीत कॅलिपरवर घासतं.